गाडीचा मेंदू आणि मिस्त्रींचं नाक

आमच्या गाडीला मेंदू आहे, ही गोष्ट मला तो बंद पडल्यावर कळली. माणसांच्या बाबतीत अनुभव उलटा असतो. तिथे तो आहे असं आपण आधी धरून चालतो आणि मग सहवासानं हळूहळू खुलासा होत जातो.

गाडी १९९९ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. पंचवीस वर्षं जिनं निमूटपणे आमच्या संसाराचं ओझं वाहिलं, तिच्या माहेरचा उद्धार तिच्या म्हातारपणी करू नये एवढं भान मला आहे. (हे भान तुम्हांला इतरत्रही असतं तर बरं झालं असतं, असं आमच्या हिचं म्हणणं पडलं.) आमची मुलगी प्रसूतिगृहातून घरी आली ती या गाडीतून, आणि मोठेपणी शिकताना हिचाच मागचा दिवा तिनं सोसायटीच्या फाटकाला अर्पण केला. पंधरा वर्षं झाल्यावर मी गाडी आर.टी.ओ.त नेऊन नोंदणी नव्यानं करून आणली, मग पाच वर्षांनी पुन्हा, मग पुन्हा. ‘काढून टाका आता ती गाडी’ असं सांगणारे घरात दोघं आणि घराबाहेर असंख्य. मी सगळ्यांना एकच कारण सांगून गप्प करत असे: ती कधी बंद पडत नाही.

ते कारण एप्रिलमधल्या एका दुपारी नळस्टॉपच्या सिग्नलला बंद पडलं.

गंमत अशी, की वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. जणू काही घडलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. गार असताना अगदी गुणी, आणि तापली की अबोला. हा स्वभाव आमच्या घराण्यात पूर्वापार आहे, पण तो गाडीतही उतरेल असं वाटलं नव्हतं.

पुण्यात बंद पडलेल्या गाडीभोवती पाच मिनिटांत जेवढं ज्ञान गोळा होतं, तेवढं एखाद्या विद्यापीठातही नसेल. पेट्रोलमध्ये भेसळ आहे, असं एकानं ठामपणे सांगितलं. दुसऱ्यानं प्लगवर बोट ठेवलं. तिसरे गृहस्थ नुसतेच, ‘अहो, किती वापरायची एखादी वस्तू!’ असं म्हणून निघून गेले. मी प्लग बदलले, पेट्रोलची गाळणी बदलली, पेट्रोलचा पंपसुद्धा बदलला. गाडीनं या सर्व भेटी स्वीकारल्या आणि तापल्याबरोबर ती पुन्हा थांबली. शेवटी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या टायवाल्या मुलानं बॉनेट न उघडताच निदान केलं.

“सर, ई.सी.यू. गेलाय.”

मला आय.सी.यू. माहीत होतं. तिथून परत आलेला एक मेव्हणाही माझ्याजवळ आहे. ई.सी.यू. नवीन होतं.

“म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सर. या मॉडेलचा आता मिळत नाही. त्यापेक्षा नवीन गाडी बघता का? एक्स्चेंज ऑफर चालू आहे.”

निवृत्त माणसाला दुखणं आलं की तो आधी त्या दुखण्याचा इतिहास वाचतो. मधुमेह झाला तेव्हा मी इन्सुलिनच्या शोधाबद्दल इतकं वाचलं, की गोळ्या घ्यायच्या राहून गेल्या. त्याच शिस्तीनं मी आता इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या मागे लागलो. आणि वाचकहो, तुम्हांला सांगतो, हा इतिहास विजेपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो वासापासून.

पण त्याआधी कार्बोरेटरला नमस्कार करून पुढे जायला हवं. पेट्रोल नुसतं जळत नाही, हवेबरोबर जळतं. वजनानं सुमारे १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल हे त्याचं शास्त्रोक्त प्रमाण. कार्बोरेटर हे मिश्रण करायचा, पण शास्त्र न वाचता. इंजिन हवा ओढतं, ती हवा एका अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं. बस्स, एवढंच! आमची आजी आमटीत मीठ घालायची तसं. चमचा नाही, माप नाही, हाताला येईल ते खरं. फरक एवढाच, की आजीची आमटी चुकत नसे. कार्बोरेटरची चुकायची, पण त्याचा गवगवा होत नसे. कारण खारट झालेली आमटी धुराच्या रूपानं मागचा माणूस खायचा.

हा मागचा माणूस पहिल्यांदा ओरडला तो अमेरिकेत, लॉस एंजलिस शहरात. १९४३ च्या जुलैमध्ये एके दिवशी शहरावर असा काही तिखट, तपकिरी धुरळा उतरला की लोकांचे डोळे झोंबू लागले, घसे खवखवू लागले. महायुद्ध चालू होतं. शत्रूनं विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. मग संशय गेला एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी लागणारं रसायन तयार होत असे. कारखाना काही काळ बंद ठेवला. धुरळा मात्र आपल्या वेळेला हजर! बंद पडलेल्या गाडीचा पंप बदलण्याची रीत पुण्यात जन्मली नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.

खरा गुन्हेगार पकडला तो आरी हाखेन-स्मिट नावाच्या एका डच रसायनशास्त्रज्ञानं. हा माणूस कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता! अननसाचा गंध कोणकोणत्या रसायनांनी बनतो हे शोधायला त्यानं वाफ गोठवून तिचा अर्क काढायची व्यवस्था केलेली होती. त्याच व्यवस्थेतून त्यानं शहराची हवा नेली. हाती आला तो तपकिरी, घाणेरड्या वासाचा द्रव. १९५० च्या आसपास आणि पुढच्या एक-दोन वर्षांत त्यानं दाखवून दिलं, की गाड्यांच्या नळीतून अन् तेलाच्या कारखान्यांतून निघणारं अर्धवट जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांवर ऊन पडलं की हा धुरळा तयार होतो. अननस हुंगणाऱ्या माणसानं मोटारींवर आरोपपत्र ठेवलं! साहजिकच मोटारवाल्यांना आणि तेलवाल्यांना ते सहजासहजी पटलं नाही. पण नाक खोटं बोलत नाही. ही गोष्ट मला पुढे आमच्या मिस्त्रींनी वेगळ्या रीतीनं शिकवली, ते ओघानं येईलच.

इंजिनाला विजेचा मेंदू बसवायचा पहिला प्रयोग मात्र धुरासाठी झाला नाही, ऐटीसाठी झाला. बेंडिक्स या कंपनीनं ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची यंत्रणा काढली आणि १९५८ च्या मॉडेलांत क्रायस्लर कंपनीनं आपल्या काही भारी गाड्यांना ती बसवली. पेट्रोल किती फवारायचं हे विजेच्या मंडलानं ठरवायचं, कार्बोरेटर नकोच. कल्पना तंतोतंत बरोबर. पण त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालची भट्टी आणि हादरे सोसणारे नव्हते. अशा जेमतेम ३५ च्या आसपास गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे पुन्हा कार्बोरेटर लावून द्यावे लागले. नवी सून पुस्तकात बघून पुरणपोळी करते, पहिली फाटते आणि सासूबाई पदर खोचून पुढे येतात, तसं झालं.

त्या कल्पनेचे हक्क जर्मनीच्या बॉश कंपनीनं मिळवले. ट्रान्झिस्टर तोवर शहाणे झाले होते. १९६७ मध्ये बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ यंत्रणा फोक्सवागनच्या १६०० या गाडीत बसून अमेरिकेला निघाली, कारण कॅलिफोर्नियातल्या धुराच्या नियमांत बसायचं होतं. ‘डी’ म्हणजे ‘द्रुक’, जर्मन भाषेत दाब. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजायचा आणि त्यावरून पेट्रोल किती वेळ फवारायचं ते ठरवायचं. हा अजून खरा कॉम्प्युटर नव्हता. आकडेमोड त्याला येत नव्हती, नुसता अंदाज चांगला होता.

मग १९७० साली अमेरिकेनं स्वच्छ हवेचा कडक कायदा केला. गाड्यांच्या धुरातले काही विषारी घटक पाच-सहा वर्षांत ९० टक्क्यांनी कमी करा! कारखानदारांनी कपाळाला हात लावला. १९७५ च्या मॉडेलांपासून तिथल्या बहुतेक गाड्यांच्या पोटाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा आला. आतल्या प्लॅटिनमसारख्या धातूंच्या लेपावरून जाताना धूर सोवळा होऊन बाहेर पडतो. पण या डब्याची पथ्यं कडक. पेट्रोलमध्ये शिसं चालत नाही. आणि त्याच्या पुढच्या, तिन्ही विषं एकदम मारणाऱ्या आवृत्तीला तर हवा आणि पेट्रोल यांचं ते १४.७ चं प्रमाण सतत, अगदी काटेकोर लागतं. आजीच्या हाताचा अंदाज इथे उपयोगाचा नाही. मग १९७६ साली व्होल्व्होच्या गाडीत, धूर जातो त्याच नळीत, एक नवा भाग बसला. ऑक्सिजन सेन्सर. धुरात प्राणवायू किती उरला हे तो हुंगतो आणि एक व्होल्टाच्या आतल्या इवल्याशा विजेनं मेंदूला कळवतो: जास्त झालं, कमी झालं, जास्त झालं, कमी झालं. म्हणजे गाडीला आधी नाक आलं, आणि त्या नाकाचं ऐकायला चांगला मेंदू लागला!

१९७९ मध्ये बॉशच्याच ‘मोट्रॉनिक’नं बी.एम.डब्ल्यू. ७३२ आय या गाडीत पेट्रोलचा फवारा आणि प्लगची ठिणगी ही दोन्ही खाती एकाच कॉम्प्युटरच्या हाती दिली. १९८१ साली जनरल मोटर्सनं अमेरिकेतल्या आपल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटर घातला आणि समोर एक दिवा दिला: ‘इंजिन तपासा’. या दिव्यात एक सोय होती. एका सॉकेटातल्या दोन खाचा तारेनं जोडल्या की तो तारमास्तरासारखा लुकलुकायचा. एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे बारा. मग पुस्तकात बघायचं. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, सॉकेट वेगळं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना एकच सॉकेट आणि एकच परिभाषा सक्तीची झाली.

आपल्याकडे हा मेंदू कोर्टकचेऱ्या करत आला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल आलं. १९९९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजधानीच्या परिसरापुरता आदेश दिला: १ जूनपासून नव्या मोटारींना युरो-एक, आणि १ एप्रिल २००० पासून युरो-दोन. २००० सालच्या फेब्रुवारीत देशभरातल्या पेट्रोलमधून शिसं गेलं. कार्बोरेटर सेवानिवृत्त होऊ लागला. त्या वर्षांत गाड्यांच्या पाठीवर ‘एम.पी.एफ.आय.’ अशी अक्षरं झळकायला लागली. प्रत्येक सिलिंडरपाशी स्वतंत्र फवारा, एवढाच त्याचा अर्थ, पण ती अक्षरं पूर्वीच्या काळी दारावरच्या पाटीवर ‘बी.ए. (ऑनर्स)’ असायचं तशी मिरवली जात. आमच्या गाडीवरही ती आहेत. त्यांचा अर्थ मला पंचवीस वर्षांत एकदाही विचारावासा वाटला नाही. बी.ए. (ऑनर्स)चाही कुणी विचारत नसे.

एवढा इतिहास पचवून मी मिस्त्रींकडे गेलो.

आमचे मिस्त्री मूळचे मालवणकडचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी पुण्यात आले ते माझ्या वडिलांच्या गाडीपासून आमच्या घराला चिकटले. त्या काळात त्यांची ख्याती कानाची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. वैद्यबुवांनी नाडी धरावी तसं. आणि मग सांगायचे, “तिसऱ्या नंबरचा टॅपेट.” उघडून बघावं तर तिसऱ्याच नंबरचा टॅपेट. गेल्या काही वर्षांत मात्र ते चालू इंजिनासमोर मलाच म्हणत, “आवाज कसा येतोय, तुम्ही सांगा साहेब.” मला वाटायचं, माझी परीक्षा घेताहेत. मी जमेल तसं वर्णन करायचो आणि ते मान डोलवायचे. हाताशी आता त्यांचा भाचा असतो. पुण्यातच वाढलेला, डिप्लोमा झालेला, हातात स्कॅनर.

“कंपनीवाले म्हणतात मेंदू गेला,” मी म्हणालो.

“साहेब, मेंदू गेला असं म्हणणं लई सोपं. आपण आत बघू शकत नाही ना! घरात काही हरवलं की मोलकरणीवर नाव, तसं हे.”

भाच्यानं स्कॅनर लावला. गाडी गार असताना स्कॅनर गाडीशी बोलला आणि सगळं क्षेम असल्याचं त्यानं कळवलं. एकही तक्रार नोंदलेली नव्हती. गाडी तापून थांबली, तेव्हा स्कॅनरनं फक्त एवढंच सांगितलं, की समोरून उत्तर येत नाही. आमच्याकडच्या सरकारी फोनला पूर्वी असंच व्हायचं.

“आता मी बघतो,” मिस्त्री म्हणाले. आणि त्यांनी जो तपास केला तो मी इथे मुद्दाम क्रमानं सांगतो. जुनी गाडी बाळगणाऱ्या सज्जनांच्या तो कामी येईल.

पहिली गोष्ट, किल्ली फिरवल्यावर ‘इंजिन तपासा’चा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागून राहिला तर तक्रार आहे. मुळीच लागला नाही तर तक्रार करणाराच बेशुद्ध आहे, किंवा दिव्याचा बल्ब गेला आहे. बल्ब शाबूत होता. गार गाडीत दिवा लागत होता, तापल्यावर लागत नव्हता. दुसरी गोष्ट, मेंदूला जेवण मिळतंय का? फ्यूज पाहिला, रिले पाहिला, मीटर लावून बारा व्होल्ट पोहोचताहेत याची खात्री केली. तिसरी गोष्ट, अर्थिंग. वीज जेवढी येते तेवढी परत जायला वाट लागते, आणि ती वाट बहुतेक वेळा एका गंजक्या बोल्टाखालून जाते. “निम्मे मेंदू या बोल्टापायी फेकून देतात लोक,” असं म्हणत मिस्त्रींनी तो काढून घासून पुन्हा बसवला. फरक पडला नाही. चौथी गोष्ट अशी, की हा मेंदू बारा व्होल्ट घेतो आणि आपल्या हाताखालच्या सेन्सरांना पाच व्होल्ट वाढतो. तापल्यावर मोजलं तर पाचाच्या जागी शून्य.

“म्हणजे मेंदूच!” मी इतिहासाच्या जोरावर म्हणालो.

“थांबा साहेब. वाढप्याच्या हातातलं ताट एखाद्या पाहुण्यानंच ओढून घेतलं असेल तर?” एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचे पाच व्होल्ट खाऊन टाकतो म्हणे. मिस्त्रींनी एकेक सेन्सर सोडवून पुन्हा पुन्हा मोजलं. शून्य ते शून्य. पाहुणे निर्दोष होते.

मग भाच्यानं आमच्या हिचा केस वाळवायचा ड्रायर मागितला. मेंदूचा डबा डाव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याच्या पायांपाशी असतो. पंचवीस पावसाळे तिथे मी ओल्या छत्र्या ठेवत आलो. गार गाडी चालू करून भाच्यानं ड्रायरचा गरम झोत नुसत्या त्या डब्यावर धरला. इंजिन गार, रस्ता नाही, ऊन नाही. चार मिनिटांत गाडी थांबली. हीसुद्धा बघत उभी होती. “माझे केस वाळायला याहून जास्त वेळ लागतो,” एवढंच ती म्हणाली.

आता मात्र शंका उरली नाही. बॅटरीची तार सोडवून मिस्त्रींनी डबा बाहेर काढला, चार स्क्रू काढून झाकण उचललं, आणि एकदम चेहरा मागे घेतला. पुन्हा पुढे नेला. हुंगलं. पुण्यातली चाळीस वर्षं त्यांच्या तोंडावरून पुसली गेली.

“अरे, ह्यो तर सुक्या बांगड्याचो वास!”

भाच्याला काही कळेना. मीही नाक पुढे केलं. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असल्यामुळे मला बांगडा सुका की ओला हे सांगता येत नाही, पण मासळीबाजारावरून स्कूटर नेताना जो दरवळ येतो तोच होता खरा. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं दाखवलं. शेंगदाण्याएवढी तीन-चार ॲल्युमिनियमची नळकांडी होती. कपॅसिटर. वीज थोडी साठवून ठेवायची आणि गरजेला सारखी करून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांच्या पोटात एक द्रव असतो. उष्णतेनं आणि वयानं त्यांच्या बुडाची सीलं सैल होतात, द्रव पाझरतो, खालच्या तांब्याच्या रेघा खातो, आणि त्याला हा असा मासळीसारखा वास येतो. या बोर्डावरच्या दोन रेघा पार खाऊन झाल्या होत्या.

कपाळाला हात लावून मी हिशेब केला. १९५८ साली पहिला मेंदू बॉनेटखालच्या भट्टीनं घालवला. आणि आमचा, चांगला डब्यात बसून, पायांशी सावलीत राहूनही, काही रुपयांच्या नळकांड्यानं घालवला. मधल्या सगळ्या प्रगतीत कपॅसिटर तेवढा म्हातारा व्हायचा राहिलेला नव्हता.

दुसरा मेंदू आणणं भाच्याचं काम. नियम एकच, पण कडक: डब्यावरच्या चिकटपट्टीवरचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. एकाच गाडीचे मेंदू इंजिनाप्रमाणे, वर्षाप्रमाणे वेगळे असतात. दिसायला अगदी भाऊ-भाऊ, पण एकाचं दुसऱ्याला चालत नाही. शिवाय नंतरच्या गाड्यांत किल्ली आणि मेंदू यांची आपसात ओळख असते. मेंदू बदलला की किल्लीची ओळख नव्यानं करून द्यावी लागते, नाहीतर तो मालकालाच चोर समजतो. आमच्या गाडीच्या काळात एवढा अविश्वास नव्हता. भंगारवाल्यांच्या चार दुकानांत हिंडून भाच्यानं साडेचार हजारांत हुबेहूब क्रमांकाचा डबा आणला. मी तो लावायला घेणार तेवढ्यात मिस्त्रींनी हात धरला.

“साहेब, हा पण आमच्याच वयाचा. याची पण नळकांडी तेवढीच जुनी.”

म्हणून तो डबा आधी गेला पेठेतल्या एका रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात आणि त्यांच्यामागे ते स्वतः अंधारात बसलेले असतात. इंजिनाचा कॉम्प्युटर म्हटल्यावर ते घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि, “कॉम्प्युटर असेल तुमचा. मला कपॅसिटर दिसताहेत,” असं म्हणून तापता सोल्डर हातात घेतला. जुने काढले, स्पिरिटनं बोर्ड पुसला, आणि १०५ अंश उष्णता सोसणारे नवे बसवले. सगळे भाग मिळून चाळीस रुपये, मजुरी पाचशे, आणि पूर्वीच्या व्हॉल्व्हच्या रेडिओंबद्दल पाऊण तास, तो मोफत.

डबा जागेवर बसला. बॅटरी जोडली. मी किल्ली फिरवली. दिवा लागला, स्टार्टर गुरगुरला, इंजिन सुरू झालं, दिवा विझला. आठवडाभरात न ऐकलेली ती एकसारखी, मऊ घरघर! मी खिडकीतून मोठ्या आनंदानं मिस्त्रींकडे पाहिलं.

मिस्त्री बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. नजर माझ्याकडे नव्हती, भाच्याच्या तोंडाकडे होती. भाच्यानं अंगठा वर केला, तेव्हा कुठे ते हसले. आणि मग मला विचारलं,

“आवाज कसा येतोय साहेब?”

त्या क्षणी माझ्या सगळ्या परीक्षांचा निकाल लागला. गेली किती वर्षं हे चालू होतं कोण जाणे. ज्या माणसाच्या कानावर आमच्या दोन पिढ्यांच्या गाड्या चालल्या, तो माणूस कधीपासून हातानं, नाकानं आणि भाच्याच्या अंगठ्यानं ऐकत होता. आणि मी टॅपेटचं वर्णन पाठ करून येत होतो!

“एकदम पूर्वीसारखा,” मी म्हणालो. जरा मोठ्यानं म्हणालो.

“ओरडू नका साहेब,” मिस्त्री हसून म्हणाले. “डावा थोडा कमी आहे. उजवा अगदीच गेलाय. बदलून मिळत नाही म्हणतात, नंबर जुळत नाही.”

गाडी त्या दिवसापासून ठीक आहे. तापलेली असतानाही बोलते. जुना मेंदू मी आठवण म्हणून टेबलावर ठेवला होता, पण दोन दिवसांनी, ‘या घरात मासळी कुणी आणली?’ अशी चौकशी स्वयंपाकघरातून सुरू झाली. म्हणून तो गॅरेजमध्ये देऊन आलो. मिस्त्रींनी तो फळीवर ठेवला, तिथे माझ्या वडिलांच्या गाडीचा कार्बोरेटर अजून आहे, त्याच्या शेजारी. मग भाच्याला हाक मारली. झाकण उघडून डबा त्याच्या नाकाशी धरला.

“सांग, कसलो वास?”

भाच्यानं डोळे मिटून मन लावून हुंगलं. मग म्हणाला, “मामा, केमिकलचा.”

मिस्त्रींनी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला.

“पुण्यात वाढलेला पोर, साहेब. ह्याका आधी मालवणाक न्हेऊक होया.”